पसंतीची घरं

बटाटे उकडल्याचा वास जिन्यावरून वर आला, की क्लॉडेट ब्रॉमफिल्ड खुर्ची मागे सारून फळ्यापाशी उभी राहायची. कोण कुठल्या घरी जेवण घेऊन जाणार, याची रोजची वाटणी त्या फळ्यावर व्हायची. शेफील्डसारख्या टेकड्यांच्या शहरात ही वाटणी सोपी नव्हती. कुणाचे गुडघे दुखायचे, कुणाची बस चुकायची, कुठल्या म्हाताऱ्याचं कुत्रं कुणावर धावून यायचं, हे सगळं डोक्यात ठेवूनच नावं लिहावी लागायची.

कोल्डवेल नेबर्स, म्हणजे कोल्डवेलचे शेजारी, ही धर्मादाय संस्था एका जुन्या चॅपलच्या सभागृहात चालायची. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दुपारचं गरम जेवण घरपोच नेऊन द्यायचं, आणि नुसतं ठेवून परत फिरायचं नाही. जेवणाऱ्यापाशी बसायचं, औषध घेतलं का विचारायचं, दोन गोष्टी बोलायच्या. कित्येकांच्या घरात दिवसभरात तेवढाच काय तो माणसाचा आवाज व्हायचा. क्लॉडेटला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो असावा असंच ते काम होतं.

"एडो, एक विचारू?" होडननं डब्यांची पिशवी खांद्याला लावत म्हटलं. ही वारसमे या सोमाली कुटुंबातली थोरली मुलगी, नुकतीच कामाला लागलेली, अजून उमेदवारीवर होती. सोमालीत आत्याला एडो म्हणतात. आल्या आल्याच तिनं क्लॉडेटशी हे नातं जोडून टाकलं होतं. "मला रॅनमूरकडची घरं कधीच का देत नाही तुम्ही? तिकडे बागा आहेत म्हणे. माझ्या वाट्याला आपले सगळे जिनेच."

"तरुण पाय आहेत तुझे. जिने तुला नाही देणार, तर काय मला घेऊ?"

शेजारी जॅनेट झाकणं लावत होती. गोरी, गोलमटोल, बोलायला मोकळी बाई. ती सहज बोलून गेली, "अगं, ती पसंतीची घरं."

"कुणाच्या पसंतीची?"

जॅनेटनं क्लॉडेटकडे पाहिलं. क्लॉडेटनं फळ्याकडे तोंड वळवलं. "म्हाताऱ्या माणसांना ओळखीचा चेहरा लागतो," ती म्हणाली.

"पण मी गेलेच नाही तर ओळख होणार कशी?"

 क्लॉडेट हसली आणि म्हणाली, "जा बाई, रस्सा निवतोय."

ती प्रथा कुणी सुरू केली ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. कुठल्या तरी घरून फोन येई. आवाज खाली आणून सांगितलं जाई, की आईचं वय झालंय, ती जुन्या काळातली आहे. किंवा त्या मुलीचे उच्चार बाबांना समजत नाहीत. किंवा तसं काही नाही हो, पण आधीची बरी होती. काळी बाई नको, असं एकदाही कुणी म्हटलं नाही. म्हणावं लागतच नव्हतं. ऑफिसात समजून घेतलं जाई, आणि त्या घराचं नाव बाजूला निघे. अशा घरांना पसंतीची घरं म्हणायची रीत पडली होती. किती छान शब्द. त्यात कुणाला नापसंत केलंय, त्याचा मागमूस उरत नव्हता.

क्लॉडेट संस्थेत आली तेव्हा ती स्वतःच अशा घरांपासून दूर ठेवली गेली होती. संचालिका फिलिपा रेडफर्ननं तिला जवळ बसवून सांगितलं होतं, "तुझा अपमान झालेला मला खपणार नाही. मी तुला तिथे पाठवणारच नाही." क्लॉडेटला तेव्हा भरून आलं होतं. तिला कामावर ठेवणाऱ्या कुणी तिच्या अपमानाचा असा विचार पूर्वी केला नव्हता. पुढे वाटणीचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिनंही काळ्या-सावळ्या पोरींवर तशीच छत्री धरली. निदान तिला ती छत्री वाटत होती.

आणि फिलिपा काही नुसती वरिष्ठ नव्हती. क्लॉडेटचा नवरा लेनवर्ड गेला, तेव्हा तिच्या माणसांच्या रिवाजाप्रमाणे तिच्या घरी नऊ रात्री माणसं जमली, गाणी झाली, बकऱ्याच्या रश्शाची पातेली चढली. त्या गर्दीत फिलिपा एकटी गोरी बाई, बाह्या वर करून भांडी विसळत होती. फिलिपाच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातून तिला घरी आणायला क्लॉडेट गेली होती. सख्ख्या बहिणींत नसतं असं त्या दोघींत होतं, असं क्लॉडेट सगळ्यांना सांगायची.

त्या वर्षी जगभर काळ्या माणसांच्या न्यायासाठी लोक रस्त्यावर उतरून गेले होते, आणि संस्था-संस्थांतून समतेची पत्रकं निघत होती. कोल्डवेलनंही आपलं पत्रक काढलं. फिलिपा म्हणाली, नुसत्या पत्रकानं भागणार नाही, आपण ऐकलं पाहिजे. तिनं काळ्या आणि आशियाई बायकांची बैठक ठेवली.

"मी नाही येत," होडन म्हणाली. "उमेदवारीवर असलेल्या माणसानं तोंड उघडू नये, असं माझी आई म्हणते."

"तुझी आई फिलिपाला ओळखत नाही. मी ओळखते," क्लॉडेट म्हणाली. "तू मनातलं बोल. तुला काही होणार नाही. माझा शब्द घे."

बैठकीत फिलिपानंही शब्द दिला. या खोलीतलं या खोलीबाहेर जाणार नाही, म्हणाली. थोडा वेळ सगळ्या बिस्किटं चिवडत बसल्या. मग होडन बोलली, अगदी शांतपणे.

"तुम्ही म्हणता, आम्हाला अपमानापासून वाचवता. पण दार लावून घेणाऱ्याला तुम्ही एका शब्दानंही विचारत नाही. त्यांचं जेवण वेळेवर जातं, त्यांच्या वाढदिवसाला केक जातो. मग वाचवलं कुणाला? तुम्ही आम्हाला त्या घरांपासून वाचवत नाही. त्या घरांना आमच्यापासून वाचवता."

क्लॉडेटच्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. फळा तिचा होता. खडू धरणारा हातही तिचाच होता. तिनं फिलिपाकडे पाहिलं. फिलिपाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती उठली आणि तिनं होडनला मिठी मारली.

परतताना फिलिपानं क्लॉडेटला आपल्या गाडीतून सोडलं. चढावर सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा ती म्हणाली, "सोमवारपासून पसंतीची घरं बंद. आणि सुरुवात थर्लोंपासून करायची. होडनलाच पाठव."

क्लॉडेट दचकली. एड्रियन थर्लोच्या कंपनीनं संस्थेला जेवण पोचवायच्या गाड्या दिल्या होत्या. त्याची आई, मिसेस एनिड थर्लो, रॅनमूरला राहायची, आणि त्या घराला सगळ्यात जुनी 'पसंती' लागलेली होती.

"तो गाड्या काढून घेईल, पिप." दोघीच असल्या की ती फिलिपाला पिप म्हणायची.

"घेऊ दे. चालत जाऊ. एड्रियनला मी आजच फोन करते. ते माझ्यावर सोड."

घेऊ दे, चालत जाऊ. क्लॉडेटनं घरी जाऊन हे शब्द आपल्या आईला दोनदा सांगितले.

सोमवारी दुपारी होडनचा फोन आला. "एडो, ते दार उघडत नाहीत."

"बेल परत वाजव."

"वाजवली. मुलगा आलाय, तो खिडकीतून बोलला. मला जा म्हणाला."

क्लॉडेटनं फिलिपाला फोन लावला. तो बंद होता. तिनं कोट घातला आणि स्वतःच निघाली. ती पोचली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. होडन फाटकाबाहेरच्या दगडी कठड्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. डबे गार झाले होते.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तुमच्या बाईंनी मला कबूल केलंय, नेहमीचीच येईल. मी म्हटलं, आजपासून मीच. तर म्हणाला, आवाज खाली कर."

"तू आवाज चढवलास?"

"एडो, दार बंद होतं. बंद दारातून हळू कसं बोलायचं?"

"फिलिपानं कबूल केलं?" क्लॉडेट म्हणाली. "खोटं बोलतोय तो. फिलिपा असं करणारी नाही."

 क्लॉडेटनं स्वतः जाऊन दार ठोठावलं, नाव सांगितलं, जेवण आणलंय म्हणून ओरडून पाहिलं. आत पावलं वाजली आणि थांबली. वरच्या खिडकीत मिसेस थर्लो उभ्या होत्या, खाली पिशवीकडे बघत. भुकेल्या होत्या की घाबरलेल्या, ते काचेतून कळत नव्हतं. मग मागून कुणीतरी पडदा ओढला.

दुसऱ्याच दिवशी एड्रियन थर्लोची तक्रार आली. मुलगी आक्रमक आहे, दारात आरडाओरडा केला, वयस्कर बाई भेदरली. फिलिपानं होडनला आत बोलावून दार लावून घेतलं. आठवडा संपायच्या आत होडनची उमेदवारी मध्येच संपवून तिला कामावरून काढण्यात आलं. कारण दिलं ते असं, की ती सगळ्यांत मिसळत नाही, तिच्या वागण्यात कडवटपणा आहे, आणि तो कडवटपणा संस्थेच्या अंतर्गत बैठकीतही दिसून आला होता.

ज्या बैठकीतलं बाहेर जाणार नव्हतं, त्याच बैठकीतून तिच्यावर उगारायचं हत्यार बाहेर आलं होतं.

क्लॉडेट त्या दिवशी रजेवर होती. तिला हे कळलं ते जॅनेटकडून. ती सरळ फिलिपाच्या खोलीत गेली.

"बस," फिलिपा म्हणाली. तिचा चेहरा ओढलेला होता. "मी रात्रभर झोपले नाहीये. हे बघ, होडननं विश्वस्तांकडे तक्रार केलीय. चौकशी होईल. तुला विचारतील, की तिला तिथे कुणी पाठवलं."

"तू पाठव म्हणालीस."

"आपण बोललो होतो, हो. पण असं बघ, तू सांगितलंस की वाटणी करताना नजरचूक झाली, जॅनेटच्या जागी होडनचं नाव पडलं, तर कुणावरच काही येत नाही. होडनवर नाही, तुझ्यावर नाही, संस्थेवर नाही. चूक ती चूक. आणि क्लॉडेट, मी विश्वस्तांना सांगितलंय, आपल्याला समतेसाठी वेगळं पद हवं. त्या जागी तुझ्याशिवाय मला कुणी दिसत नाही."

"तू एड्रियनला फोन केला होतास ना?"

"तो विषय आता कशाला?" फिलिपा म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास उचलला.

विचार करते, एवढंच म्हणून क्लॉडेट बाहेर पडली.  तरीही, माणसाचं मन कसं असतं बघा, बसथांब्यापर्यंत ती फिलिपाचीच बाजू स्वतःला समजावत होती. थकली आहे बिचारी. तिच्यावरही दडपण असेल.

संध्याकाळी ती बर्नग्रीव्हला वारसमेंच्या घरी गेली. होडनच्या आईनं दार उघडलं, पाहुणीला आत घेतलं, वेलदोडा-लवंग घातलेला चहा आणि समोशासारखे गरम सांबुसे पुढे ठेवले. एक वावगा शब्द ती बोलली नाही. ओरडली असती तर क्लॉडेटला सोपं गेलं असतं.

होडन समोर बसली. "मी त्या दिवशी गप्प बसणार होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बोल. तुम्ही जामीन राहिलात."

"हो."

"आता ऐकते, की नावच चुकून पडलं. जॅनेट म्हणाली. खरं आहे?"

"मी तसं अजून म्हटलेलं नाही."

"अजून," होडन म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. "या वेळी मला तुमचा शब्द नको, एडो; विश्वस्तांपुढे खरं तेवढं सांगा."